बिनघोड्याचा टाक

नवरात्राच्या आधीचा पंधरवडा म्हणजे माझ्या डोक्याला ताप. वर्षभर देव्हाऱ्यात काळे पडलेले टाक लोकांना तेव्हाच आठवतात, आणि उजळून हवे असतात ते आजच्या आज. कडेगावच्या पेठेत सोनार पुष्कळ, पण टाकाचं काम करणारा मी एकटा. बाकीच्यांना पुतळ्या आणि बोरमाळा घडवण्यात गोडी. त्यामुळं पंचक्रोशीतला प्रत्येक खंडोबा आणि प्रत्येक भवानी माझ्याच पाटावर येऊन पडते, आणि देवांचे मालक उंबऱ्यात उभे राहून मला काम कसं करायचं ते शिकवतात. मी कुणाला बसा म्हणत नाही. बसला की माणूस बोलायला लागतो, आणि समोर कुणी बोलत असलं की माझी हातोडी चुकते.

आता टाक म्हणजे काय, तर तळहाताहून लहान असा चांदीचा पत्रा आणि त्यावर उठवलेला देव. पण इकडच्या मराठ्यांच्या देव्हाऱ्यात नुसते देव नसतात, घराण्यातले वीरही असतात. लढाईत पडलेल्या पुरुषाचा टाक करायचा, देवांच्या शेजारी बसवायचा आणि दसऱ्याला तलवारीबरोबर पुजायचा. वीर म्हटला की घोड्यावर. माझ्या आज्यानं पितळेचा एक ठसा करून ठेवलाय, त्यात घोडा, घोड्यावर गडी आणि वर उगारलेली तलवार. ठशावर पत्रा धरायचा आणि ठोकायचा, झाला वीर. पहिल्या महायुद्धात कुणी फ्रान्सात गारठून मेलं, कुणी मेसापोटेम्यात हगवणीनं गेलं, त्या सगळ्यांना आम्ही याच घोड्यावर बसवून घरी पाठवलं. आजवर एकाचीही तक्रार आली नाही.

लढाई संपून वर्ष उलटून गेलं होतं तेव्हाची ही गोष्ट. पितृपक्ष लागला होता. डोंगराकडच्या वाडीतली रंगूबाई, तिचे थोरले दीर सयाजीतात्या आणि त्याच वाडीतला नाथाजी असे तिघं दुकानात आले. तिघं म्हणजे माझ्या हिशेबी दोन जास्तच. सयाजीतात्या जुने हवालदार, पांढऱ्या मिशांना अजून तेल लावायचे. ते बसले. मी बसा म्हटलं नव्हतं.

रंगूबाईचा एकुलता एक मुलगा ज्ञानू लढाईत गेला, हे मला ठाऊक होतं. पंचक्रोशीत सगळ्यांनाच ठाऊक होतं, कारण तो आरमारात गेला होता. इकडचं पोरगं पलटणीत जातं, गिरणीत जातं, फार तर पोलिसात जातं. आरमारात कोण जातो? येरळेला पावसाळा सोडला तर गुडघाभर पाणी नसतं. साताऱ्याला भरतीच्या दिवशी ज्ञानू आणि नाथाजी, दोघांचीही छाती पलटणीच्या मापाला कमी भरली. शेजारी आरमाराचं टेबल होतं, तिथं मापाचा एवढा आग्रह नव्हता. वाडीनं दोघांना त्यावरून इतकं पिडलं की रजेवर आल्यावर ती पोरं पारावर यायलाच लाजायची. 'काय रं, आज येरळेत बोट लागली का?' असं लहानसहान पोरंसुद्धा विचारायची.

आणि बोट तरी कसली, तर पुढून तोंड उघडणारी. चपट्या बुडाची, पेटीसारखी बोट. आत शिपाई भरायचे, शत्रूच्या किनाऱ्याला जाऊन लागायचं, पुढचा दरवाजा पाण्यात पाडायचा, शिपाई उतरले की मागं फिरायचं आणि दुसरी खेप आणायची. ब्रह्मदेशात आराकानच्या खाड्यांमधून या बोटी अशा खेपा करत होत्या. ज्ञानू तिथं गेला. सरकारचं कळवणं आलं त्यात 'मृत' एवढंच होतं. कसा, कुठं, ते काही नव्हतं. पण आरमारातला माणूस मेला म्हणजे बुडून मेला, असं सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं.

खरी मेख तिथंच होती. सयाजीतात्यांच्या भावकीत पाण्यात गेलेल्या माणसाला देव्हाऱ्यात जागा नाही. तो पाण्यातल्या आसरांचा झाला. त्याचा दहीभात नदीच्या काठावर ठेवायचा, मागं न बघता घरी यायचं आणि पुन्हा त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं तर तो घर शोधत येतो म्हणे. रंगूबाईनं दहीभात ठेवायला साफ नकार दिला होता. माझं पोरगं लढाईत गेलंय, त्याला देवात बसवा, एवढंच तिचं मागणं. पण त्यांच्या भावकीचे देव एकच, आणि ते थोरल्या घरी, सयाजीतात्यांच्या देव्हाऱ्यात. धाकट्या घरानं आपल्या घरी वेगळे देव मांडले तर भावकी तुटली असं धरतात. मग त्या घरचं लग्न नाही, कार्य नाही, मयताला खांदासुद्धा नाही. विधवा बाईनं एवढं तोडायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

म्हणून ती दीड वर्षं गप्प बसून होती, आणि ज्ञानूचं नाव घरातल्या घरात घेत होती.

उन्हाळ्यात नाथाजी सुटून घरी आला. मुंबईला आरमारातल्या पोरांनी दंगा केला, त्यानंतर बऱ्याच जणांना घरी धाडलं, त्यात तोही. त्याच्या लढाईच्या गोष्टी ऐकायला वाडीत कुणाला वेळ नव्हता. त्या साली लोकांच्या तोंडी सगळं पत्रीसरकारचं होतं. इंग्रजाच्या बोटीवर काय केलंस, हे विचारण्याइतकं कौतुक कुणाला? पण सयाजीतात्यांनी त्याला बोलावून एकच विचारलं, ज्ञानू कसा गेला? आणि नाथाजीनं सांगितलं की ज्ञानू बंदूक घेऊन किनाऱ्यावर उडी मारून गेला, जपान्यांवर चालून गेला आणि छातीत गोळी घेऊन पडला.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले म्हणतात. पोरगं लढून मेलं, पाण्यात नाही. मग काय, ते स्वतः चांदीचा तुकडा उपरण्यात बांधून माझ्याकडं आले. घटस्थापनेला वीर देवात बसला पाहिजे.

नाथाजीनं ती गोष्ट माझ्या दुकानातही सांगितली, कुणी न विचारता. मला काही ती पटली नाही. इतकी गुळगुळीत होती की कुठं बोट अडकेना. आणि सांगताना तो माझ्या बागेसरीतल्या निखाऱ्यांकडं बघत होता, रंगूबाईकडं एकदाही नाही. पण आपल्याला काय? लोक जे सांगतील ते मी ठोकतो. त्यांच्या खंडोबाला मी कधी विचारलंय का, तू खरंच होतास का म्हणून?

रंगूबाई मात्र भिंतीकडं तोंड करून उभी होती. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं उघड बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. जे सांगायचं ते माझ्याकडं बघून सांगायची, आणि मी ते सयाजीतात्यांना सांगितलं असं धरून चालायचं. तात्या हाताच्या अंतरावर बसलेत, त्यांना सगळं ऐकू येतंय, तरी मधे मी. सोनारकी सोडून ही एक जादा चाकरी. तिनं माझ्यामार्फत एवढंच म्हणवलं की भावजींचे उपकार झाले, आणि टाकाला तोंड नीट काढा, त्याचं नाक बसकं होतं. मी म्हटलं, ठशातलं नाक ठशातल्यासारखंच येतं, बाई.

टाक जवळजवळ झाला होता, कडा घासायच्या तेवढ्या राहिल्या होत्या, तेव्हा वजीर आतार दुकानात आला.

आतारांचं दुकान समोरच, कुंकू-बुक्का, नाडा, उदबत्तीचं. वजीर त्या घरातला मधला मुलगा. तोही आरमारात होता, पण पायाला काहीतरी होऊन मुंबईच्या इस्पितळात पडून राहिला होता, तो चारआठ दिवसांमागं घरी आलेला. आईसाठी ताईत करायचा म्हणून आला. पाटावर टाक पडलेला बघितला आणि सहज विचारलं, हा कुणाचा वीर? मी सांगितलं, नाथाजीची गोष्टही सांगितली. ताईत बाजूलाच राहिला. मी बसा म्हटलं नव्हतं, तरी तो टाक हातात घेऊन खाली बसला आणि हे चुकलंय म्हणाला.

वजीर, नाथाजी आणि ज्ञानू एकाच बोटीवर होते. चौथा एक कोकणातला, तो आता रत्नागिरीकडं कुठं तरी. वजीर सुकाणूवर, नाथाजी खाली इंजिनात, ज्ञानू पुढं दरवाज्यावर. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी त्याला म्हटलं, मग चूक काय झाली, घोडा सगळ्यांनाच असतो. घोड्याचं काय घेऊन बसलास?

तो म्हणाला, "घोडा ऱ्हाऊ दे, अण्णा. नाथाजीनं त्येच्या हातात बंदूक दिली, म्हंजी दोरी काढून घेतली. ज्ञानूनं काय क्येलं त्ये आता जगात कुणालाच कळायचं न्हाई."

मग त्यानं सांगितलं, आणि मी हातोडी बाजूला ठेवून ऐकलं. काम पडलं होतं, तरी ऐकलं. ऐकून झाल्यावर तो उठला आणि वाडीला निघाला. मी त्याला धरून बसवला. तिथं पारावर जाऊन सांगशील तर तमाशा होईल, त्यांना टाक न्यायला इथं यायचंच आहे, तेव्हा सांग. माझ्या दुकानात भांडण नको, असंही म्हटलं. पण ते कुणी ऐकणार नाही हे म्हणतानाच माहीत होतं.

ठरल्या दिवशी दुपारी तिघं आले. वजीर आधीच कोपऱ्यात बसून होता. त्याला बघितल्याबरोबर नाथाजी दारातच थांबला. सयाजीतात्यांना वाटलं गिऱ्हाईक असेल. वजीरनं उठून त्यांना रामराम केला, आणि रंगूबाईच्या पायांना हात लावून म्हणाला की मी ज्ञानूच्या बोटीवरचा. तिनं पदर सावरला आणि भिंतीकडं न वळता त्याच्याचकडं बघत उभी राहिली.

वजीरनं जे सांगितलं ते असं. खाडीचा किनारा सगळा चिखल आणि चिखलात उभी झाडं. भरती नुकती चढायला लागलेली. बोट किनाऱ्यापासून थोडी अलीकडंच गाळात रुतली. दरवाजा पडला, पहिले शिपाई उतरले आणि गेलेच, कारण पुढं खड्डा होता आणि त्यांच्या पाठीवर ओझी. दोघं पुन्हा वर आलेच नाहीत. वरून गोळ्या चालू. तेव्हा ज्ञानूनं दोरीचं टोक घेतलं आणि पाण्यात उडी टाकली. विहिरीत पोहलेलं पोर, पलीकडं निघालं. पण दोरी बांधायला तिथं धड काही नव्हतं, झाडांची मुळं हातात येत होती. त्यानं दोरी स्वतःला गुंडाळली आणि चिखलात पाय रोवून उभा राहिला. त्या दोरीला धरून सगळे शिपाई पार झाले. पंजाबी होते. बोट रिकामी झाली. आणि दोरी सोडवून ज्ञानू पाय काढायला गेला, तर पाय निघेनात. चिखलानं धरला होता.

सयाजीतात्यांनी विचारलं, शिपायांनी ओढला नाही? दोघांनी ओढला, वजीर म्हणाला, पण पुढून हुकूम आला, ते गेले. तुम्ही का गेला नाही? आम्हाला हुकूम होता, माणसं उतरवायची आणि मागं फिरायचं, थांबायचं नाही, दुसरी खेप वाट बघतीय. हुकमाचं तात्यांना समजलं. त्यांनी मान हलवली. पण मग ते म्हणाले, चिखलात उभा होता तर बुडाला कसा? छातीपाण्यात माणूस दिवसभर उभा राहील. पाऊस होता का?

इकडच्या माणसाला हे सांगायचं कसं? पाऊस नाही, पूर नाही, आभाळ निरभ्र, आणि पाणी आपलं आपण चढतं. वजीरनं सांगितलं. तात्यांना ते पटायला वेळ लागला. मेसापोटेम्याला ते बोटीनंच गेले होते, पण समुद्र त्यांनी बोटीच्या पोटात ओकाऱ्या काढत बघितलेला. शेवटी त्यांनी नाथाजीकडं बघितलं आणि विचारलं, हे खरं?

नाथाजी दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तो म्हणाला, "म्या बघितलंच न्हाई, तात्या. मी खाली इंजनात हुतो, खालनं काय बी दिसत न्हाई. फकस्त त्येचा आवाज ऐकला. जावा, म्हनला, थांबू नगा, खेप घिऊन या. तवर मी हाय हितंच, म्हनला."

एवढं बोलून तो लहान पोरासारखा रडायला लागला. तात्यांनी त्याला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. मला वाटलं होतं देतील.

रंगूबाईनं वजीरला विचारलं, मग परत गेलात का? भिंत नाही, मी नाही, सरळ त्यालाच. वजीर म्हणाला, गेलो. खेप भरून परत गेलो तेव्हा पाणी पुष्कळ वाढलं होतं. खड्डा कळला नाही, गाळ लागला नाही, बोट सरळ किनाऱ्याला जाऊन टेकली. तो उभा होता त्याच जागेवरून. शिपाई गुडघाभर पाण्यात उतरून चालत गेले. दुसऱ्या खेपेला दोरी लागलीच नाही.

शेजारच्या ताबूत करणाऱ्याकडं कागद चिकटवायची खळ शिजत होती, तिचा वास येत होता. ज्ञानूला पुढं ओहोटीत दुसऱ्या बोटीवाल्यांनी काढलं आणि तिथंच पुरलं, पण तोवर यांना दुसऱ्या खाडीत धाडलं होतं. वजीरनं हेही सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

सयाजीतात्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, तिला सांगा, पोरगं मर्द होतं. त्यात दुमत नाही. पण ते पाण्यात गेलं. गोळी नाही, जखम नाही, पाण्यानं नेलं. आता खरं कळल्यावर मी त्याला देवात कसा बसवू? वाडवडिलांनी जे केलं नाही ते माझ्या हातून व्हायचं नाही. मला काय हे बरं वाटतंय? मी त्याला खांद्यावर बसवून यात्रा दाखवलीय. हे ऐकून मला त्यांचा राग आला होता तो निम्मा गेला. पुढं ते हळूच म्हणाले की हे इथल्या इथं राहू दे. वजीर काही आमच्या वाडीत येऊन सांगणार नाही. नाथाजीनं सांगितलं तेच खरं धरू, टाक तयार आहे, तो घेऊन जाऊ, पोरगं देवात बसेल. तिला विचारा.

म्हणजे म्हाताऱ्यानं वाट काढली होती. स्वतःच्या धर्माला थोडं वाकवून काढली होती, हे मला मानावं लागलं. एक बंदूक आणि एक घोडा कबूल केला की ज्ञानू घरी. मी काही विचारलं नाही. तिला ऐकू आलंच होतं.

रंगूबाईनं पाटावरचा टाक उचलला. घोडा बघितला, तलवार बघितली. मग तो माझ्या हातात न देता सयाजीतात्यांसमोर नेऊन ठेवला, आणि लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं बघून बोलली.

"भावजी, ह्यो माझा न्हवं. ह्यो कोन हाय मला ठावं न्हाई. देव तुमच्याकडं ऱ्हाऊ द्यात. माझं पोरगं मी माझ्या घरात ठिवते."

तात्यांना बसल्या जागी धक्का बसला, बोलण्याचा जास्त का बोललेल्याचा कोण जाणे. त्यांनीही मग मधला माणूस सोडला. "रंगू, देव येगळं क्येलं तर भावकी तुटंल. तुला खांदा कोन देनार?"

ती म्हणाली, "माझ्या पोराला कुनी दिला?"

तात्या उठले. चांदी त्यांची होती, त्यांनी तो टाक उपरण्यात बांधला आणि गेले. काठी विसरून गेले, ती मी दुसऱ्या दिवशी पोचवली.

रंगूबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. नवरा गेल्यावर पायांतून काढलेली जोडवी होती, काळी ठिक्कर पडलेली. ती माझ्यासमोर ठेवून म्हणाली, याचा करा. दोरी धरलेला करा, जसा होता तसा.

आता मला सांगा, माझ्याकडं ठसा एक, त्यात घोडा. माणूस पाण्यात उभा कुणी कधी ठोकलाय? मी म्हटलं, होणार नाही. नवरात्र तोंडावर आलंय, माझ्याकडं लोकांचे देव पडलेत, दुसरीकडं बघा. रंगूबाई जोडवी तिथंच ठेवून निघून गेली. याला काय म्हणायचं? मी उरलेली दुपार चिडचिड करत होतो, आणि चिडचिड करतच संध्याकाळी जोडवी आटवायला घेतली.

ठशावाचून काम म्हणजे राळेवरचं काम. राळ तापवून मऊ करायची, त्यावर पत्रा बसवायचा, मागून ठोकून आकार फुगवायचा, मग उलटा करून पुढून रेघा बसवायच्या. किचकट प्रकार. त्यात ते दोघं येऊन बसायला लागले, वजीर आणि नाथाजी. वजीरनं बोलावलं म्हणून नाथाजी आला, की आपणहून, मला ठाऊक नाही. पहिले एकदोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, दोघंही माझ्याशी बोलायचे आणि माझं डोकं खायचे. वजीर म्हणायचा दोरी कमरेला होती, नाथाजी म्हणायचा खांद्यावरून असणार. तू बघितलंस का? नाही बघितलं, पण सराव करताना तो नेहमी खांद्यावरूनच घ्यायचा, कमरेला घेतली की काचते म्हणायचा. मग वजीर विचारात पडायचा आणि म्हणायचा, व्हय गड्या, खांद्यावरनंच हुती. अंगावर सदरा होता का उघडा होता, टोपी होती का नव्हती, यावरून एक दुपार गेली. मधेच ती पोरं हसायची सुद्धा. ज्ञानूला बोट लागायची, इंजिन सुरू झालं की तो गूळ चघळत बसायचा, असलं काहीबाही. वाडीत कुणी न विचारलेली सगळी लढाई त्यांनी माझ्या दुकानात ओतली. मी दोघांना दहादा हाकललं. दहादा परत आले.

नाक बसकं काढायला सांगितलं होतं, ते दोघांनाही विचारून काढलं. खांद्यावरून दोरी घेतली. घोडा नाही, तलवार नाही. पाण्याच्या रेघा घालताना मी वजीरला विचारलं, पाणी कुठवर? तो म्हणाला, आम्ही मागं फिरलो तेव्हा इथवर. आणि स्वतःच्या हनुवटीला हात लावला. मी तसं केलं. रेघ अन् रेघ हनुवटीपर्यंत नेली. काम चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू? आज्याच्या ठशातसुद्धा एवढा जिवंत गडी नव्हता.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी रंगूबाई आली. एकटीच. मी तिला बसा म्हटलं. टाक धुऊन, पुसून तिच्या हातात दिला. तिनं तो उन्हाकडं धरला. आधी दोरी बघितली, बोटानं खांद्यापासून टोकापर्यंत नेली. मग तोंड बघितलं. नाकावर बोट ठेवलं, तेव्हा मला वाटलं पटलं. बराच वेळ ती पाण्याच्या रेघांकडं बघत होती. मी विचारलं, काही चुकलं का? वजीरनं सांगितलं तसंच केलंय.

"न्हाई, चुकलं न्हाई," ती म्हणाली. "खराच हाय त्यो. पर अण्णा, पानी वाईच कमी करा. त्येला श्वास घिऊ द्या."

मी तिच्याशी वाद घातला नाही. राळ पुन्हा तापवली, टाक तिच्यावर पालथा घातला, आणि पाणी छातीपर्यंत उतरवलं.